पांढऱ्यावर पांढरं

माझ्या सुट्टीच्या वर्गाचे नियम तीनच होते. विकत आणलेली एकही वस्तू चालणार नाही. घरात वर्षभर जिला कुणी हात लावलेला नाही, अशीच वस्तू आणायची. आणि ज्याला भेट द्यायची, त्याला शेवटच्या दिवसापर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. हे नियम मी केले होते आणि पंचशीलाने ते तंतोतंत पाळले. तिने एखादा मोडला असता तर फार बरं झालं असतं.

१९९४ सालचा मे महिना होता. परळच्या एका शाळेत एकतीस वर्षं हस्तकला शिकवून मी निवृत्त झाले आणि आम्ही दोघं मिरा रोडला, शांती नगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, त्याला दोन वर्षं होत आली होती. मुलगा बडोद्याला नोकरीला. घरात मुलांचा आवाज नाही म्हणून मला करमत नव्हतं. बिल्डिंगमधली मुलं मात्र दिवसभर जिन्यात दंगा करत असायची. त्यांना मी वर बोलावलं.

वर्ग आमच्याच हॉलमध्ये भरायचा, दुपारी चार ते सहा. अकरा मुलं. सतरंजी अंथरायची तर सोफा बेडरूमच्या दारात सरकवावा लागे, आणि माझे यजमान, गुणवंतराव, आत अडकून पडत. "टाकाऊच्या यादीत माझंही नाव घाला," असं ते आतून म्हणत. मुलं हसून लोळायची.

मुलं काय काय आणायची! फ्यूज उडालेले बल्ब, जुन्या लग्नपत्रिका, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या, सरबताच्या रिकाम्या बाटल्या, जोडीदार हरवलेले मोजे. यतीन त्याच्या काकांसाठी बल्बचा पेंग्विन करत होता. रुचिता पावडरच्या डब्याला काड्या चिकटवून वडिलांसाठी पेन ठेवायचा डबा करत होती. मी मधूनमधून त्यांना कामाची पारख शिकवायची. कुठलंही भरतकाम, विणकाम हातात आलं की आधी उलटं करून बघा, असं मी सांगायची. सुलट बाजू सगळ्यांचीच छान असते. हाताचं काम असेल तर मागे बारीक गाठी दिसतात, एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीकडे गेलेला धागा दिसतो. करणारा कुठे थांबला, कुठे दमला, तेसुद्धा कळतं.

पंचशीला त्या अकरा जणांत सगळ्यात शांत. वय दहा. हात फार नेटका, कात्री धरली की रेघ सोडायची नाही. तिचे वडील समाधान टेलिफोन खात्यात होते आणि आई वैजयंता पोस्टात. माणसं मूळची परभणीकडची, पहिल्या मजल्यावर राहायची. जिन्यात भेट झाली की आम्ही हसायचो. पाणी आलं का, टँकर कधी येणार, एवढंच बोलणं. दोन वर्षांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, वेळच मिळाला नाही. समोरच्या हंसाबेनकडे जायला मात्र मला रोज वेळ मिळत होता.

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला असेल. पंचशीला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून आली. मुलं आपापल्या कामाला लागल्यावर तिने ते माझ्यापुढे ठेवलं. आत पांढरी साडी होती, घडी न मोडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी.

"बाई, ही चालेल?"

"कुणाची गं?"

"आईची. पेटीत सगळ्यात खाली असते. मागच्या बुद्धपौर्णिमेला उन्हात घातली होती, त्याला वर्ष झालं. मी मोजलं."

ती मला सगळं सांगत होती. मी फक्त वर्ष झालं एवढंच ऐकलं. साडी उलगडून पाहिली तर हलकी आणि मऊ, काठाला बारीक रुपेरी कड, पदरावर पांढऱ्याच धाग्याने भरलेली कमळं. मशीनचं काम दिसतंय, असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेले. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या सासूबाई आल्या होत्या. सासरे गेल्यावर त्या अठरा वर्षं अशा पांढऱ्या साड्यांत वावरल्या, आणि त्या गेल्यावर त्या साड्या घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं. वैजयंताकडेही अशीच कुणा म्हातारीची साडी येऊन पडली असेल, असं मी धरून चालले.

"सवाष्ण बाईने पांढरी साडी घरात ठेवूच नये," मी म्हणाले. "चांगलं नसतं ते. बरं झालं आणलीस. आपण हिची रंगीत फुलं करू आईसाठी."

पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं, मग साडीकडे. "कापायची?"

"मग? न कापता फुलं होतात होय?"

पहिली कात्री मी चालवली, आणि पदराकडून चालवली, कारण तिकडचं कापड अगदी नव्यासारखं होतं.

फुलं मात्र सुरेख झाली. वाटीच्या मापाने गोल कापायचे, कडेने धावदोरा घालून ओढायचं, मग झाडूच्या हिराला गुंडाळायचं. होळीचा उरलेला रंग पाण्यात कालवून आम्ही ती बुडवली, काही गुलाबी, काही पिवळी. सरबताच्या बाटलीला बाहेरून बांगड्यांच्या काचा चिकटवून फुलदाणी केली. सतरा फुलं झाली. पंचशीला रोज आल्याबरोबर माझ्या कपाटातून ती फुलदाणी काढून बघायची आणि परत ठेवायची. उरलेली साडीही मी माझ्याच कपाटात ठेवली होती. घरी नेली असती तर गंमत फुटली असती.

बुद्धपौर्णिमेला चार-पाच दिवस होते, तेव्हा हंसाबेन सकाळी विरजण मागायला आल्या. दारातच उभ्या राहून सांगायला लागल्या की खाली वैजयंताकडे दोन दिवस शोधाशोध चाललीय, पेटी, कपाट, माळा सगळं रिकामं केलं, तिची लग्नातली साडी सापडत नाहीये.

मी म्हटलं, शालू होता का?

"शालू किधर से? सफेद साड़ी. उन लोग में शादी में सफेद ही पहनते हैं ना, बौद्ध लोग में." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आपको मालूम नहीं? आप तो मराठी हो, शैलाबेन."

या वर्षी पौर्णिमेला विहारात तीच नेसून जायचं वैजयंताने ठरवलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. आणि पोरीला सगळं ठाऊक असावं, पण ती तोंड उघडत नाही, म्हणून काल आईने तिला मारलं. आजवर कधी हात लावला नव्हता.

मी हंसाबेनच्या वाटीत विरजण घातलं. जणू काही घडलंच नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. त्या गेल्यावर मी कपाट उघडलं, उरलेल्या साडीचं कापलेलं टोक हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं करून पाहिलं. मागे बारीक बारीक गाठी होत्या. एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीकडे धागा गेला होता.

तेव्हाच दोन जिने उतरून जायला हवं होतं. मी गेले नाही. दुपारी वर्ग भरला. पंचशीला आली, सतरंजीच्या कडेला बसली, डोळे सुजलेले. मी तिला पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच विचारलं, आईला काही सांगितलंस का? तिने मान हलवली.

"नाही बाई. शेवटच्या दिवशी द्यायचंय ना."

त्या वेळी मी म्हणू शकले असते की सांग, नियम गेला खड्ड्यात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, शहाणी आहेस. हे शब्द माझ्या तोंडून गेले आहेत. त्या संध्याकाळपासून आणखी एक अख्खा दिवस ती माझं गुपित पोटात घेऊन त्या घरात राहिली, आणि मी मात्र आपली सुटका कशी होईल ते शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून भाईंदरच्या बाजारात गेले. चार दुकानं पालथी घातली. पांढरी साडी मागितली की दुकानदार आवाज खाली आणून विचारायचा, माँजी, बारावे के लिए? शेवटी रुपेरी काठाची एक मिळाली. पदर कोरा होता. ती पिशवी घेऊन घरी आले, तर यजमान पेपर वाचत बसले होते. मी त्यांना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हिचं काय करणार?"

मी म्हटलं, देईन तिला, आणि सांगेन.

"आधी सांग," ते म्हणाले. "मग देऊन बघ. ही पुढे केलीस तर तुला सांगावंच लागणार नाही, असं तुझ्या मनात आहे." चाळीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी कठोर बोलल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील. त्यातला हा एक.

संध्याकाळी वैजयंता ऑफिसातून येण्याच्या सुमाराला मी खाली गेले. तिने दार उघडलं तेव्हा पर्स अजून खांद्यालाच होती. मला दारात पाहून तिला नवल वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही. बसा बाई, म्हणाली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. मी सगळं पाणी प्यायले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्याखाली लग्नाचा फोटो. समाधान पांढऱ्या सदऱ्यात, वैजयंता पांढऱ्या साडीत, पदर पुढे घेतलेला. पदरावरची कमळं फोटोतही दिसत होती. दोन वर्षांत एकदा जरी मी या खुर्चीत येऊन बसले असते, तरी ही साडी मी ओळखली असती.

मी पिशवीतून उरलेली साडी काढली आणि मधल्या स्टुलावर ठेवली. सांगायला सुरुवात केली तेव्हा मी आधी नियमांचं सांगत होते, मग फुलांचं. ते सगळं मध्येच सोडून मी म्हटलं, "तुमची साडी मी कापली. मी स्वतः, माझ्या हाताने. पंचशीलाचा काही दोष नाही. ती फक्त माझं ऐकत होती."

वैजयंताने साडी उचलली, खाली जमिनीवर बसली आणि मांडीवर पसरली. कापलेली कड तिने सहज उलटी केली, जशी आपण आपल्याच हाताची वस्तू बघतो तशी, आणि गाठींवरून बोट फिरवलं.

"आठ होती," ती म्हणाली. "पोस्टाच्या परीक्षेला बसले होते तेव्हा भरली. दिवसा अभ्यास आणि संध्याकाळी हे. चार महिने लागले." तिने मोजलं. "अडीच राहिलीत."

मी दुसरी पिशवी पुढे केली. तिने आतली साडी पाहिली, काठ पाहिला, कोरा पदर पाहिला आणि घडी परत नीट घातली. "चांगली आहे. पण ही माझी नाही, बाई." पिशवी तिने माझ्याच पायाशी ठेवली. आतून समाधानचा रेडिओ ऐकू येत होता.

"साडीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू," शेवटी ती म्हणाली. "पण परवा ही पोरगी मला म्हणाली, आई, तू पांढरी साडी नेसू नको, पप्पांना काहीतरी होईल. मी विचारलं, कुणी सांगितलं तुला असं? तर गप्प. साडीपेक्षा जास्त मी त्याच्यासाठी मारलं तिला. माझ्या घरात असलं कुठून शिरलं, मला कळेना." तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही सांगितलं होतं का बाई?"

"हो," मी म्हटलं.

माफी मागायचे शब्द मी जिन्यात जुळवले होते. ते त्या खोलीत मला फार छोटे वाटले. तरी मी मागितली. तिने मान हलवली. त्यात हो होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई समजूत काढतेय. तुमचं ती खरं मानते."

उरलेल्या साडीचं काही शिवून देऊ का, असं मी दारातून विचारलं.

"नको. मला येतं शिवता."

दुसऱ्या दिवशी मी पंचशीलाला चार वाजायच्या आधी बोलावलं. वैजयंताने तिच्याबरोबर साडीचा एक तुकडा पाठवला होता, अर्ध्या कमळाचा. तो मी तिच्या हातात दिला आणि उलटा करायला सांगितला. हे काम तुझ्या आईचं आहे, ही साडी नेसून तिचं लग्न झालं, आणि या साडीने कुणाला काही होत नाही. उलट या पांढऱ्या साडीतच तुझ्या आईबाबांचा संसार सुरू झाला. मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी सांगितलं.

तिने गाठी नीट निरखल्या. मग म्हणाली, "पप्पांना काही होणार नाही ना?"

"नाही गं. काही होणार नाही."

तिचे खांदे जरा खाली आले. इतके दिवस ते पोर केवढं ओझं उचलून फिरत होतं, ते मला तेव्हा दिसलं. तुकडा पुन्हा सुलट करत तिने विचारलं, "पण बाई, तुम्ही उलट बाजू बघितली नव्हती?"

तिच्या आवाजात राग नव्हता. अभ्यासातली शंका विचारावी तसं तिने विचारलं होतं.

"नाही बघितली."

"का?"

मुलांच्या प्रश्नाला मी कधी टाळाटाळ केली नाही, असा माझा समज होता. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं ते येत नव्हतं. उद्या सांगते, असं मी म्हटलं. त्या उद्याला कित्येक वर्षं झाली.

बाकीची मुलं यायच्या आत तिने कपाटातून फुलदाणी काढली आणि माझ्या शोकेसमध्ये, काचेच्या आत, मधोमध ठेवली. "ही आईला नको," ती म्हणाली. "तुम्हाला देते." मी नको म्हणू शकले नाही. ती अजून तिथेच आहे. होळीचे रंग कच्चे असतात. गुलाबी तर कधीच गेला, पिवळाही जात चाललाय, आणि फुलं दर वर्षी थोडी थोडी पांढरी होताहेत. पाहुणे आले की विचारतात, किती छान, कशाची केलीत? मी सांगते. पहिल्या वेळी जड गेलं. अजूनही जातं.

त्या दिवशी वर्ग भरल्यावर फळ्यावर लिहून ठेवलेला तिसरा नियम, गुपिताचा, मी पुसला. भेट गुपित ठेवायची नाही, जिची वस्तू तिला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही, असं लिहिलं. यतीनने विचारलं, मग मजा काय राहिली बाई? पंचशीला खाली मान घालून कागद दुमडत होती. का पुसला, तेही मी त्यांना सांगितलं. वैजयंताचं नाव घेतलं नाही. माझं घेतलं.

पौर्णिमेच्या सकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. खाली गेटपाशी समाधान पांढऱ्या शर्टात स्कूटर पुसत होता. वैजयंता आली, तिच्या अंगावर दुसरीच पांढरी सुती साडी होती, साधी, रोजच्या वापरातली. तिने वर पाहिलं नाही. तिच्यामागून पंचशीला आली. तिने पांढरा फ्रॉक घातला होता, अगदी नवा, आणि त्याच्या खालच्या कडेला दोन कमळं असावीत.

तिने मान वर करून मला शोधलं. हात हलवेल असं मला वाटलं. तिने फ्रॉकच्या खालची कड दोन्ही हातांनी धरली, उलटी केली आणि माझ्याकडे धरून उभी राहिली.

तिसऱ्या मजल्यावरून त्या गाठी दिसत नव्हत्या. मी तांब्या खाली ठेवला, चष्मा घेतला आणि जिना उतरायला लागले.